उपलब्ध आहे म्हणजे नेमकं काय? लिनक्सच्या रिलीज आणि बॅकअपची साधनं

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने संगणकाच्या दुकानात कशाला डोकवावं. पण विषयाचं नावच बघा. 'उपलब्धता'. बाजारात आपण म्हणतो माल उपलब्ध आहे, म्हणजे मिळतो. आपल्या दर्शनांत मात्र 'उपलब्धि' म्हणजे एखादी गोष्ट ज्ञानाला गवसणं, आणि 'अनुपलब्धि' म्हणजे न गवसणं. एखादी गोष्ट गवसली नाही, यावरून ती नाही असं म्हणता येतं का, आणि केव्हा, यावर मीमांसक आणि नैयायिक शतकानुशतकं भांडले. लिनक्सवर बॅकअपचं सॉफ्टवेअर शोधणारा माणूस नेमका त्याच प्रश्नाशी येऊन उभा राहतो, फक्त त्याला ते ठाऊक नसतं.

आधी थोडी जुळवाजुळव करू, कारण सगळेच श्रोते लिनक्स वापरणारे नाहीत. लिनक्स हे तसं फक्त गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं नाव. त्या गाभ्याभोवती हजारो प्रोग्रॅम गोळा करून, ते एकमेकांशी जुळतात की नाही हे तपासून, एकत्र बांधून देणाऱ्या मंडळींच्या कामाला डिस्ट्रिब्युशन म्हणतात, बोलीत डिस्ट्रो. डेबियन, उबुंटू, फेडोरा, रेड हॅट, मिंट, ही सगळी त्यातली. आपल्याकडे सी-डॅकने काढलेली 'बॉस' ही डेबियनवरच उभी आहे, म्हणजे डेबियनबद्दल आज जे बोलू ते पुष्कळसं तिलाही लागू पडतं. प्रत्येक प्रोग्रॅमची जी बांधलेली पुडी असते ते पॅकेज, आणि सगळ्या पुड्या जिथे ठेवतात ते भांडार. ठरावीक काळाने ही मंडळी म्हणतात, आता हात थांबवा, आत्ता जे आहे ते गोठवू. त्या गोठवलेल्या संचाला रिलीज म्हणतात. डेबियनची अशी रिलीज साधारण दोन वर्षांनी येते. तिला 'टॉय स्टोरी' चित्रपटातल्या पात्रांची नावं देतात. २०१९ ची बस्टर, २०२१ ची बुल्सआय, २०२३ ची बुकवर्म, २०२५ ची ट्रिक्सी.

गोठवलं म्हणजे काय, हे समजून घेण्यासारखं आहे. डेबियनच्या स्थिर रिलीजमध्ये एखाद्या प्रोग्रॅमची जी आवृत्ती शिरली ती त्या रिलीजच्या आयुष्यभर तीच राहते. सुरक्षेची भोकं बुजवतात, पण नवी आवृत्ती आणत नाहीत. गोठवण्याच्या काळात ज्या पॅकेजात गंभीर दोष आहे आणि तो दुरुस्त करायला कोणी पुढे येत नाही, ते पॅकेज बाहेर काढलं जातं. गाडी सुटते, ते फलाटावरच राहतं. कोणाचा राग नसतो, कोणाचा कट नसतो. त्या पुडीची काळजी घेणारा स्वयंसेवक नोकरीत अडकलेला असतो, किंवा ती ज्या दुसऱ्या पुडीवर टेकली होती ती नाहीशी झालेली असते.

एखादा खेळ किंवा घड्याळ दाखवणारा प्रोग्रॅम असा फलाटावर राहिला तर दुसरा घेता येतो. बॅकअपच्या साधनाचं तसं नाही. कारण बॅकअप ही आजची गोष्टच नव्हे. आज आपण काहीतरी जपून ठेवतो ते पुढे कधीतरी परत मिळावं म्हणून. ते 'पुढे' तीन रिलीजनंतर असू शकतं. म्हणून 'हे पॅकेज या रिलीजमध्ये उपलब्ध आहे का' हा प्रश्न बॅकअपच्या बाबतीत अर्धाच आहे. उरलेला अर्धा असा: ज्या दिवशी परत मिळवायचं असेल त्या दिवशीच्या रिलीजमध्ये ते असेल का, आणि असलं तर आज लिहिलेलं त्याला वाचता येईल का?

आता 'नाही' या शब्दाकडे येऊ. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' ज्यांनी वाचला असेल त्यांना आठवेल, अभाव चार प्रकारचा सांगितला आहे. प्रागभाव म्हणजे वस्तू निर्माण होण्याआधीचं तिचं नसणं. प्रध्वंसाभाव म्हणजे नष्ट झाल्यानंतरचं नसणं. अत्यंताभाव म्हणजे तिन्ही काळांत नसणं. आणि अन्योन्याभाव म्हणजे ही वस्तू ती नव्हे, घट हा पट नव्हे, या अर्थाचं नसणं. आम्ही वर्गात हे शिकवायचो तेव्हा मुलं जांभया द्यायची. पण संगणकाने 'पॅकेज सापडलं नाही' असं सांगितलं की हे चारही एका वाक्यात दडून बसलेले असतात, आणि आपल्याला नेमका कोणता भेटला आहे हे कळल्याशिवाय उपाय ठरत नाही.

आणि त्याच्याही आधी, खरोखर अभाव आहे का ते बघायचं. जमिनीवर घडा दिसत नाही म्हणून घडा नाही, असं म्हणायला एक अट आहे: असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात दिसला नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. याला योग्यानुपलब्धि म्हणतात. आता रेड हॅट एंटरप्राइज लिनक्सवर कोणी 'बोर्ग' हे बॅकअपचं साधन शोधलं आणि सापडलं नाही, तर तो अंधारातला शोध असू शकतो. कारण त्या डिस्ट्रोच्या मूळ भांडारात ते नसतं. फेडोरा प्रकल्प 'ईपेल' नावाचं जोड-भांडार चालवतो, त्यात असतं. ते भांडार आधी जोडून घ्यावं लागतं. उबुंटूत 'मेन' आणि 'युनिव्हर्स' असे वेगळे कप्पे आहेत. मेनची जबाबदारी कॅनॉनिकल कंपनी घेते, युनिव्हर्स स्वयंसेवकांच्या भरवशावर चालतं, आणि बोर्ग, रेस्टिक ही साधनं युनिव्हर्समध्ये बसतात. शिवाय नावाचा घोळ असतोच. आज्ञा द्यायची ती 'बोर्ग', पण डेबियनमध्ये पुडीचं नाव 'बोर्गबॅकअप'. 'बोर्ग' एवढंच नाव देऊन बसवायला गेलात तर पॅकेज नाही असं उत्तर येतं. दिवा लावा, मग घडा शोधा.

प्रागभावाबद्दल फार बोलायला नको, कारण तो काळाने आपोआप संपतो. नैयायिक म्हणतात तसा तो अनादि पण सान्त. एखादं साधन लिहून झालं आहे, पण आपली रिलीज त्याच्या आधी गोठली. मग पुढच्या रिलीजची वाट बघायची, किंवा डेबियनची 'बॅकपोर्ट्स' नावाची सोय आहे तिथे डोकवायचं. मात्र आवृत्तीचा प्रागभाव जास्त फसवा असतो, कारण तिथे पुडी हजर असते. रेस्टिकचं उदाहरण घ्या. त्याची ०.१४ ही आवृत्ती ऑगस्ट २०२२ मध्ये आली, तिने माहिती दाबून, आकुंचित करून ठेवायची सोय आणली आणि त्यासाठी साठ्याचं नवं रूप ठरवलं. त्या नव्या रूपातला साठा आधीच्या आवृत्त्यांना वाचताच येत नाही. आता बघा, उबुंटूची २२.०४ ही रिलीज एप्रिल २०२२ ची. तिच्यात रेस्टिक आहे, पण ०.१२. डेबियन बुकवर्ममध्ये ०.१४. म्हणजे दोन्हीकडे 'रेस्टिक उपलब्ध' असं उत्तर मिळतं, आणि तरीही बुकवर्मवर नव्या रूपात लिहिलेला बॅकअप उबुंटू २२.०४ वाल्या शेजाऱ्याच्या यंत्रावर उघडत नाही. यादीतलं नाव एक, वस्तू दोन. म्हणून पॅकेज आहे का एवढंच न विचारता कुठली आवृत्ती आहे हेही विचारायचं. डेबियन-उबुंटूत 'एपीटी पॉलिसी' आणि पुढे पुडीचं नाव एवढी आज्ञा दिली की आवृत्तीही दिसते आणि ती कुठल्या भांडारातून येते तेही दिसतं.

आता प्रध्वंसाभाव. इथे थोडं थांबू, कारण खरी भीती इथे आहे.

'आरडिफ-बॅकअप' नावाचं एक जुनं, भरवशाचं साधन आहे. त्याची १.२.८ ही आवृत्ती २००९ मध्ये आली आणि पुढची दहा-अकरा वर्षं डिस्ट्रोंनी तीच चालवली. ते पायथॉन या भाषेत लिहिलेलं, तेही पायथॉन २ मध्ये. १ जानेवारी २०२० ला पायथॉन २ चा अधिकृत सांभाळ संपला. डिस्ट्रोंनी आधीपासूनच सांगून ठेवलं होतं की पुढच्या रिलीजमध्ये पायथॉन २ वर टेकलेल्या पुड्या राहणार नाहीत. म्हणजे एका भाषेची एक पिढी संपली की तिच्यावर उभी असलेली साधनं ओळीने पडणार. काही पडलीही. आरडिफ-बॅकअप वाचलं, कारण काही मंडळींनी ते हाती घेऊन पायथॉन ३ मध्ये आणलं, आणि मार्च २०२० मध्ये २.० ही आवृत्ती काढली. डेबियन बस्टरमध्ये १.२.८ होती, बुल्सआयमध्ये २.०.५ आली. यादीत बघाल तर पॅकेज एकही रिलीज चुकलेलं नाही. सलग उपलब्ध.

पण २.० आणि १.२.८ एकमेकांशी नेटवर्कवरून बोलू शकत नाहीत. एका टोकाला जुनी, दुसऱ्या टोकाला नवी असेल तर जोडणीच होत नाही.

आमच्या अभ्यासमंडळाकडे गेल्या अनेक वर्षांच्या व्याख्यानांची ध्वनिमुद्रणं आहेत. त्यातले काही वक्ते आता हयात नाहीत, आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. ही मुद्रणं रोज रात्री कोपऱ्यातल्या एका जुन्या यंत्रावर आरडिफ-बॅकअपने जात असत. त्या यंत्रावर बस्टर. मंडळातल्या मुलांनी नवा लॅपटॉप आणला, त्यावर बुल्सआय. दुसऱ्या दिवशी सकाळी चेहरे उतरलेले. जोडणी नाकारली जात होती, आणि त्याच आठवड्यात लक्षात आलं होतं की एका ज्येष्ठ वक्त्यांच्या मुद्रणाचा उत्तरार्ध संपादनात कापला गेला आहे, आणि कापलेलीच फाईल मूळ म्हणून राहिली आहे. अखंड प्रत फक्त बॅकअपच्या मागच्या तारखांत. एक मुलगा म्हणाला, "सर, ते जुनं सॉफ्टवेअर आता मिळतच नाही, गेलं सगळं."

गेलं नव्हतं. कारण बदलला होता तो दोन टोकांमधला संवाद, साठ्याचं रूप नव्हे. २.० ला १.२.८ ने लिहिलेला साठा वाचता येतो. जुन्या यंत्रातली डिस्क काढून थेट लॅपटॉपला जोडली, मागची तारीख सांगितली, आणि अखंड मुद्रण बाहेर आलं. आम्ही ते तिथेच बसून शेवटपर्यंत ऐकलं.

आता यात तत्त्वज्ञानाचा प्रश्न कुठला? २.० हे 'तेच' साधन आहे का? आतली भाषा दुसरी, सांभाळणारी माणसं दुसरी, बोलण्याची पद्धत दुसरी. 'हा तोच देवदत्त' अशी ओळख पटते त्याला आपण प्रत्यभिज्ञा म्हणतो. ती कशाच्या जोरावर पटायची? नावाच्या जोरावर नव्हे. आमच्या मते बॅकअपच्या साधनाची ओळख पटवायची कसोटी एकच: काल लिहिलेलं आज वाचता येतं का. ते जमलं तर भाषा बदलली काय, नाव बदललं काय, तो तोच देवदत्त. बोर्गचं बघा, २०१५ मध्ये तो 'ॲटिक' नावाच्या साधनातून फुटून निघाला. नाव वेगळं, घर वेगळं, पण ॲटिकचा साठा आपल्या रूपात आणण्याची सोय त्याने दिली. ॲटिकच्या जुन्या वापरकर्त्याला नावाचा प्रध्वंस झाला तरी वस्तूचा झाला नाही.

रेड हॅटवाल्यांनी या बाबतीत एक गोष्ट केली ती आम्हाला फार आवडते. 'डंप' हे युनिक्सच्या सत्तरच्या दशकातलं बॅकअपचं साधन. त्याच पुडीत त्याचा जोडीदार 'रिस्टोर', म्हणजे परत मिळवून देणारा. रेड हॅटने एंटरप्राइज लिनक्स ८ मध्ये जाहीर केलं की डंप आता मावळतीला लागलं आहे, आणि २०२२ च्या ९ व्या रिलीजमधून ते काढलं. पण रिस्टोर काढलं नाही. ते स्वतंत्र पुडी म्हणून ठेवलं. म्हणजे नवं काही यात लिहू नका, पण जे लिहून ठेवलं आहे ते वाचायची वाट आम्ही बंद करत नाही. कंपन्यांवर आपण एरवी पुष्कळ टीका करतो, पण इथे उपलब्धता कोणासाठी आणि कशासाठी, याचा विचार कोणीतरी केला आहे. दुकान बंद केलं तरी गिऱ्हाईकांनी ठेवलेली अमानत परत द्यायला एक खिडकी उघडी ठेवावी, तसं.

अत्यंताभावाची गोष्ट परवान्याची. डेबियनने १९९७ मध्ये आपला सामाजिक करारनामा जाहीर केला. मुख्य भांडारात फक्त मुक्त परवान्याचीच सॉफ्टवेअर असतील, असं त्यात बांधून घेतलं आहे. म्हणून बंद परवान्याचं बॅकअपचं व्यापारी सॉफ्टवेअर कितीही चांगलं असलं तरी तिथे दिसणार नाही. शुद्ध नैयायिक इथे हरकत घेईल की परवाना उद्या बदलू शकतो, मग हा अत्यंताभाव कसा? हरकत मान्य. शिवाय हा अभाव डिस्ट्रोगणिक बदलतो. झेडएफएस या फाईल-प्रणालीत स्नॅपशॉट घेऊन ते दुसऱ्या यंत्रावर पाठवायची उत्तम सोय आहे. उबुंटूने १६.०४ पासून ती बांधून दिली, तर डेबियनने परवान्यांचा मेळ बसत नाही म्हणून ती मुख्य भांडाराबाहेर, 'कॉन्ट्रिब' कप्प्यात ठेवली. तोच कायदा, तीच वस्तू, दोन वाचनं.

राहिला अन्योन्याभाव, घट हा पट नव्हे. लिनक्स मिंटमध्ये २०१७ च्या १८.३ रिलीजपासून 'टाइमशिफ्ट' आलं. चांगलं साधन आहे. नवं काही बसवताना प्रणाली बिघडली तर मागच्या अवस्थेला नेतं. पण ते जपतं प्रणाली. तुमची कागदपत्रं, फोटो, ध्वनिमुद्रणं ज्या होम फोल्डरात असतात ते टाइमशिफ्ट मुळात वगळतं, आणि तसं स्पष्ट सांगतंही. तरी कितीतरी माणसं म्हणतात, आमच्याकडे बॅकअप आहे, टाइमशिफ्ट चालू आहे. तो बॅकअप नव्हे, निदान या अर्थाने नव्हे.

वेळ होत आला. काही प्रश्न आधीच लिहून आले आहेत, त्यातले दोन घेतो.

पहिला प्रश्न: मग सगळ्यात टिकाऊ साधन कोणतं? टिकाऊपणा दोन गोष्टींत बघा. एक, साधन नसतानाही साठ्यातलं काय हाती लागतं. टार १९७९ च्या युनिक्समध्ये होतं, आणि आजच्या प्रत्येक डिस्ट्रोत आहे. आरसिंक १९९६ चं, त्याने केलेली प्रत ही साधी फाईलच असते, वाचायला आरसिंकही लागत नाही. आरडिफ-बॅकअपची शेवटची प्रत तशीच साधी असते, फक्त मागच्या तारखांसाठी ते साधन लागतं. उबुंटूमध्ये २०११ च्या ११.१० पासून बरीच वर्षं 'देजा दूप' आपोआप बसून येत असे. त्याच्या पोटात तेव्हा 'ड्युप्लिसिटी' असे, आणि ते टार आणि जीपीजी या दोन जुन्या सर्वत्र मिळणाऱ्या गोष्टींवर बांधलेलं असल्यामुळे अगदीच अडलं तर हाताने, कष्टाने का होईना, उलगडता येतं. बोर्ग आणि रेस्टिक मात्र सगळं तुकड्यांत, कुलूपबंद ठेवतात. जागा वाचते, सुरक्षा मिळते, पण किल्लीसुद्धा त्यांच्याकडेच. त्यांच्या बाबतीत दुसरी गोष्ट बघायची: किल्ली आपल्याला जवळ ठेवता येते का. येते. दोन्ही प्रकल्प एका फाईलमध्ये मावणारा चालता प्रोग्रॅम देतात, तो डिस्ट्रोच्या रिलीजवर फारसा टेकलेला नसतो. साठ्याशेजारी तोही ठेवून द्या. आमचं स्वतःचं मत विचाराल तर न बदलणाऱ्या मोलाच्या गोष्टींची एक साधी, उघडी प्रत असावीच, आणि रोजच्या कामासाठी बोर्ग किंवा रेस्टिक.

दुसरा प्रश्न जरा मार्मिक आहे. प्रध्वंसाभावाला सुरुवात असते पण शेवट नसतो, असं शास्त्र म्हणतं, मग एखादं पॅकेज रिलीजमधून काढलं की कायमचं गेलं का? त्या रिलीजपुरतं गेलं. पण डेबियनने इथे शास्त्राला थोडी बगल दिली आहे. तिच्या जुन्या रिलीज वेगळ्या संग्रह-सर्व्हरवर ठेवलेल्या असतात, आणि 'स्नॅपशॉट' नावाच्या सेवेत २००५ पासूनच्या पुड्या तारीखवार जपलेल्या आहेत. अमुक दिवशी भांडार कसं होतं ते मागता येतं. म्हणजे डिस्ट्रोने स्वतःचाच बॅकअप ठेवला आहे म्हणा ना. आभासी यंत्रात बस्टर उभी करायची, तिच्यात १.२.८ बसवायची, जुनी डिस्क तिला दाखवायची, आणि आपलं ते काढून घ्यायचं. मात्र अशा जुन्या रिलीजला सुरक्षेची दुरुस्ती मिळत नसते, तेव्हा पुड्या बसवून झाल्या की इंटरनेट तोडायचं आणि मगच डिस्क जोडायची.

आणि हो, कोपऱ्यातल्या त्या यंत्राच्या डिस्कवर मुलांनी आता एक कागद चिकटवला आहे. साधनाचं नाव, आवृत्ती, डिस्ट्रोची रिलीज, शेवटचा साठा कधी लिहिला ती तारीख. खाली आणखी एक ओळ आहे, शेवटचं वाचून कधी बघितलं त्याची. ती दर सहा महिन्यांनी पेन्सिलने खोडून नवी लिहितात.